याडीचा फेटिया

याडीनं तो फेटिया कधी शिवायला घेतला ते मला माहीत नाही. मला कळायला लागलं तेव्हा तो घरात होता आणि पुरा झालेला नव्हता. याडी म्हणजे आई. फेटिया म्हणजे आमच्या बायकांचा घेरदार घागरा; त्याच्यासोबत पाठीवर नाड्यांनी बांधायची कांचळी आणि डोक्यावरून मागं सोडायची ओढणी. तिन्ही मिळून एक जोड, पण घरात सगळ्याला फेटियाच म्हणायचे. आम्ही स्वतःला गोरमाटी म्हणतो, गाव आम्हाला लमाण म्हणतं. जिंतूर तालुक्यातल्या एका माळावर आमचा तांडा होता. माळ उतरून ओढा ओलांडला की गाव, आणि गावाच्या अलीकडच्या टोकाला शाळा. तांड्यातल्या बायकांकडं रोजचा एक साधा, विटलेला फेटिया असायचा, आणि एक चांगला. याडीचा चांगला फेटिया सगळ्या तांड्यात चांगला होता, हे मी लेक म्हणून सांगत नाही. लग्नाच्या मांडवात बायका तिच्याजवळ येऊन बसायच्या आणि बोलता बोलता त्याचा घेर हातात धरून बघायच्या, तेव्हा मी तिथं असायची.

जाड तांबडं कापड, त्यावर निळ्या, पिवळ्या, हिरव्या दोऱ्याचा कशिदा. चौकोनात चौकोन, त्यात आणखी चौकोन, आणि सगळ्यात आतल्या चौकोनात करंगळीच्या नखाएवढी काच. कमरेच्या पट्ट्यावर कवड्या. कांचळीच्या छातीवर तर कापड दिसतच नव्हतं, एवढं दाट काम. दोरा आणि काचा बोरीच्या बाजारातून यायच्या. बाजारात बा मिरच्या-मीठ घ्यायचा तोवर याडी दोऱ्याच्या दुकानापुढं उकिडवी बसून एकेक लड उजेडात धरायची. थुंकी लावून बोटांनी चोळून बघायची, रंग हाताला लागतो का म्हणून. दुकानदार वैतागायचा. "घ्यायचा तर घे बाई, चाटतीस काय?" ती ऐकून घ्यायची आणि पुढची लड उचलायची. दुपारी जेवणं झाली, भांडी उपडी पडली, शेळ्या सावलीला बसल्या की ती खोपटाच्या दारात पाय पसरून फेटिया मांडीवर घ्यायची. तिच्या हातभर घातलेल्या बलियांचा, जाड पांढऱ्या बांगड्यांचा, एक खटखट आवाज होता, टाका ओढताना येणारा. त्या आवाजात मी कितीतरी दुपारी झोपले आहे. आता मला झोपेसाठी गोळी लागते.

फेटिया धुणं हे काम वर्षात एकदाच निघायचं, पावसाळा सरता सरता, ओढ्याचं पाणी निवळलं की. त्या दिवशी ती चुलीपाशी फिरकायची नाही. तेलातुपाचा हात कपड्याला नको म्हणून भाकरी बा थापायचा. शेजारचे बाप्ये येऊन हसायचे, आणि बा त्यांनाच भाकरी देऊ करायचा. त्या भाकरी जाड, कडेला कच्च्या, मधी करपलेल्या. ठेच्याबरोबर आम्ही भावंडं त्या चघळत ओढ्यावर बसायचो. याडी रिठे आदल्या दिवशीच भिजत घालायची. आधी पाण्यात मूठभर मीठ, त्यात फेटिया बुडवून ठेवायचा, मग रिठ्याच्या फेसाच्या पाण्यात. आपटायचा नाही, पिळायचा नाही. पाण्यात धरून नुसता हलवायचा, लहान लेकराला न्हाऊ घालताना पाठीला हात देतात तसा खालून हात देऊन उचलायचा. मग बाभळीच्या सावलीत उलटा करून धोतरावर पसरायचा. ऊन लागू द्यायचं नाही, उन्हानं दोरा उडतो. तो वाळेपर्यंत ती तिथून हलायची नाही. वाळला की घडीत निंबाचा पाला आणि तंबाखूची पानं घालून पत्र्याच्या पेटीत. आमची पेटी उघडली की कडवट, झणझणीत वास यायचा. मला तो वास चांगला वाटायचा. मला वाटायचं, सगळ्यांना तो चांगलाच वाटत असेल.

परवा नातीसोबत परभणीत एका दुकानात गेले होते. काचेच्या दारामागं एका बाहुलीला लेहंगा घातलेला, प्लॅस्टिकच्या टिकल्या चिकटवलेल्या. दुकानातला पोरगा म्हणाला, "मावशी, हे बंजारा वर्क आहे, सध्या लय चालायलंय." आतल्या बाजूला चिठ्ठी शिवलेली होती, ड्राय क्लीन ओन्ली. मी ती चिठ्ठी दोनदा वाचली. नात म्हणाली, आजी, काय झालं? काही नाही म्हटलं.

मी सातवीत होते त्या वर्षीची गोष्ट. शाळेत मला सुमन म्हणत, तांड्यात सोमली. आमच्या वर्गाला ज्या बाई होत्या त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. त्यांच्या लेकीला, नातवंडांना ते वाचावं लागू नये. नुसतं बाई म्हणते. शिकवायच्या चांगल्या. आवाज गोड, अक्षर मोत्यासारखं, आणि हातात छडी कधी नाही. त्यांची लेक मीनल माझ्याच वर्गात होती. आम्ही एका बाकावर बसत नव्हतो, पण तिच्याशी माझं भांडणही नव्हतं.

एके दिवशी बाई तांड्यावर आल्या. शाळेतलं कुणी तांड्यावर येणं हेच नवल होतं. कुत्री भुंकायला लागली, पोरं मागं धावली, आणि बाई पदर सावरत, खडे चुकवत आमच्या दारात उभ्या राहिल्या. याडीनं गोधडी टाकली, गुळाचा चहा केला. बाईंनी कप हातात घेतला आणि बोलता बोलता खाली ठेवला.

"चांदीबाई, तुमच्याकडं तो काचांचा ड्रेस आहे म्हणे. पोरी सांगत होत्या. दाखवता का जरा?"

याडी घरात आमच्या गोरमाटी बोलीतच बोलायची. या पानांवर तिचं घरातलं बोलणं मी मराठीत उतरवते आहे. मराठी तिला बाजारापुरती येत होती. पण बाई काय म्हणाल्या ते तिला बरोबर कळलं. तिनं पेटी उघडली, हात फेटियाच्या खाली घालून तो तसाच आडवा बाहेर आणला आणि गोधडीवर उलगडला. बाईंनी नाक किंचित आत ओढलं. मग त्यांचं बोट काचांवरून फिरायला लागलं.

"अगंबाई! हे सगळं हातानं?"

"व्हय. हातानंच की."

"बघा, तालुक्याला नाचाची स्पर्धा आहे. आम्ही लमाणी नाच बसवतोय. एका दिवसापुरता द्याल का? तुमची सुमन पण आहेच की नाचात."

याडीनं माझ्याकडं पाहिलं. मला नाचाचं आदल्या दिवशीच कळलं होतं आणि मी घरी सांगितलंही होतं. तिच्या तोंडावर जे आलं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. तिनं विचारलं, "मंग ही घालंल का ह्यो?"

"आपल्याच आहेत हो सगळ्या पोरी," बाई म्हणाल्या.

याडीनं ते उत्तर होकारासारखं घेतलं. कुणीही घेतलं असतं. ती म्हणाली, "देते. पर पानी लावू नका बाई. म्या धुवूनच देते. नाचताना घाम लागला तर लागू द्या, तसाच वापस धाडा. म्या बघते मंग."

"नाही हो. आम्ही कशाला धुवू?"

त्या वर्षी नाचासाठी म्हणून तिनं आधीच, ओढ्याचं पाणी पुरतं निवळायच्या आत, तो धुवायला काढला. ओढ्यात गढूळ होतं म्हणून विहिरीचं पाणी डोक्यावर आणलं. बा म्हणाला, "कशाला एवढं? एका दिवसाचा तर नाच." ती म्हणाली, "तालुक्याची माणसं बघणार हायेत. माझी लेक घालणार हाय." नव्या दोऱ्यानं दोन-चार सैल काचा पक्क्या केल्या. कांचळी मला आखूड करून पाहिली, पाठीच्या नाड्या मला कशा बसतात ते बघितलं, आणि पाला-तंबाखू घालून, धडप्यात बांधून माझ्या डोक्यावर दिला. "वाकडी चालू नको," एवढंच म्हणाली.

नाच मीच शिकवला. दुसऱ्या पोरींना पाय कसा टाकायचा, गोल कसं फिरायचं, टाळी कुठं वाजवायची हे ठाऊकच नव्हतं. गाणंही मीच सांगितलं; आमच्याकडं होळीला म्हणतात त्यातलं. बाईंनी ते वहीत उतरवून घेतलं आणि एक-दोन शब्द बदलले, अश्लील वाटतात म्हणून. त्यात अश्लील काही नव्हतं. मग एके दिवशी त्यांनी रांगा लावल्या. मीनल पुढं, मधोमध, फेटियात. बाकीच्या पोरी साड्यांचे घागरे करून. मी मागं, ढोलकीवाल्याजवळ, गाणं म्हणायला. "तुझा आवाज पाहिजे गं," बाई म्हणाल्या. "आणि मीनल गोरी आहे, तिला तो लाल रंग उठून दिसेल." त्यांनी ते इतक्या सहज, इतक्या मायेनं सांगितलं की मला वाटलं, खरंच असेल. घरी येऊन मी याडीला सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. हात थांबला. मग म्हणाली, "गाणं म्हणणारी बी नाचातच असती." आणि पुन्हा निवडायला लागली.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सुट्टी होती. बाईंनी मला घरी बोलावलं होतं, हापशाचं पाणी भरायला. तांड्यातल्या पोरींना असं बोलावणं यायचं, त्यात काही विशेष नव्हतं. मी हंडा घेऊन त्यांच्या मागच्या दारानं अंगणात गेले. चुलाणावर तांब्याचं मोठं घंगाळ होतं, त्यातून वाफा निघत होत्या. बाईंच्या सासूबाई पाटावर बसून लाकडानं आत काहीतरी ढवळत होत्या. शेजारी धुण्याच्या सोड्याची पुडी फाडलेली. मला वाटलं, चादरी उकळायल्यात. मग त्यांनी लाकडानं कापड वर उचललं आणि कमरेचा पट्टा वर आला. कवड्या.

घंगाळातलं पाणी लाल होतं. माझ्या तोंडातून एवढंच निघालं, "आजी, गरम पानी न्हाई चालत त्याला."

त्यांनी वर पाहिलं. "कोण गं तू? चांदीची पोर व्हय? बघ, किती घाण निघायलीय. शी! काय वास होता. उद्या पोरीच्या अंगाला खाज सुटली म्हणजे?"

"धुवून दिलाय आजी. याडीनं धुवून दिलाय. तो रंग हाय."

"तुमच्यात धुतेत व्हय कधी?" असं म्हणून त्यांनी लाकूड पुन्हा आत घातलं.

मी हंडा टाकला आणि दोन्ही हात घंगाळात घातले. का घातले ते मला सांगता येणार नाही. तो फेटिया आत होता आणि मी बाहेर होते, एवढंच. कापड पाण्यानं जड झालेलं, हातात येईना. कोपरापर्यंत चटका बसला. मी घेर धरून ओढला, घंगाळ कलंडलं, सासूबाई किंचाळत उठल्या आणि त्यांनी लाकूड माझ्या मनगटावर मारलं. बाई आतून धावत आल्या. त्यांनी माझे हात पाहिले, "अगं वेडी का तू?" म्हणाल्या, आत नेऊन खोबरेल तेल लावलं, फुंकर घातली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण बाई दुष्ट होत्या असं कुणाला वाटू नये. दुष्ट असत्या तर मला पुढची इतकी वर्षं सोपी गेली असती. अंगणात तोवर सासूबाईंनी फेटिया दगडावर आपटायला घेतला होता. आपटल्याचा आवाज आणि त्यात काच फुटल्याचा बारीक आवाज, दोन्ही मला आत ऐकू येत होते. "बाई, त्यांना थांबवा," मी म्हटलं. बाई म्हणाल्या, "आता भिजलाच आहे, होऊ दे स्वच्छ." आणि तो भर उन्हात तारेवर गेला.

दुसऱ्या दिवशी ट्रकमधून तालुक्याला गेलो. कांचळीच्या नाड्या बांधायच्या कशा हे कुणाला येईना, म्हणून मीनलला तयार करायला मलाच बसवलं. माझ्या हातांना फडकी गुंडाळलेली. तांबड्याचा रंग पिवळ्यात आणि हिरव्यात उतरला होता, चौकोन कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो ते कळत नव्हतं. काचांच्या मागचा मुलामा गेलेला, त्या नुसत्या काळ्या टिकल्या झाल्या होत्या. मीनल म्हणाली, "टोचतंय गं. कसं घालता तुम्ही?" मग खालच्या आवाजात म्हणाली, "मी आजीला म्हणाले होते, नको धुवू म्हणून." मी नाडीची गाठ मारली. एवढं मात्र खरं की तिनं ते मला सांगितलं. तिच्या घरात दुसऱ्या कुणी तेवढंही कधी म्हटलं नाही.

आमचा पहिला नंबर आला. लांबून, दिव्यांच्या उजेडात, लाल ते लालच दिसतं.

बाईंनी फेटिया इस्त्री करून वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्याजवळ दिला. याडी दारातच उभी होती. तिनं पहिल्यांदा माझे हात पाहिले. काय झालं ते मी सांगितलं, सगळं सांगितलं. तिनं चिंचेच्या झाडाखाली बसून कागद सोडला. फेटिया उलगडला नाही. घडीच्या वरच्या पदरावर हात ठेवला, बोट एका काचेवर फिरवलं, दुसऱ्या काचेवर फिरवलं, आणि कागद पुन्हा गुंडाळला. त्या दिवशी तिनं आम्हाला जेवायला वाढलं, शेळ्या बांधल्या, सगळं केलं. बलियांचा आवाज येत होता, पण बोलण्याचा नाही.

सकाळी ती माझ्याबरोबर शाळेत आली. मुख्याध्यापकांच्या खोलीत बाईही होत्या. टेबलावर जिंकलेली ढाल होती, तिला कुंकू लावलेलं. याडीनं पुडकं टेबलावर ठेवलं.

"रंग गेला," ती म्हणाली. "काचा मेल्या."

"अहो, धुवून, इस्त्री करून दिलाय," बाई म्हणाल्या. त्यांना खरोखर कळत नव्हतं.

"म्या सांगितलं व्हतं, पानी लावू नका."

"हो, पण वास येत होता हो त्याला. लेकराच्या अंगाला लागणार होता. तुम्हीही आई आहात, तुम्हीच सांगा, मी काय करायला पाहिजे होतं?"

"वास निंबाचा व्हता. तंबाखूचा व्हता. कसर लागू न्हाई म्हून."

मुख्याध्यापक समजूतदार माणूस होते. ते म्हणाले, "जाऊ द्या चांदीबाई. जुनाच झाला होता तो. आणि बघा, तुमच्या कपड्यामुळं शाळेला ढाल आली. सगळ्या तालुक्यात नाव झालं." त्यांनी ढाल उचलून तिच्यासमोर धरली, तिनं हात लावावा म्हणून.

याडीनं ढालीकडं पाहिलं, मग बाईंकडं. तिचे ओठ हलले. तिला बोलायचं होतं, आणि जे बोलायचं होतं ते सगळं गोरमाटीत होतं. मराठी तिच्याजवळ तेवढीच होती, ती तिथं संपली. माझ्याजवळ मराठी होती. मी बोलले असते तर बोलू शकले असते, पण माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. याडीनं पुडकं उचललं आणि ती गेली. बाई मला म्हणाल्या, "जा, वर्गात बस." मी बसले. इतिहासाचा तास होता.

मला वाटलं होतं, ती तो पेटीत ठेवून देईल, किंवा उसवून नवा करायला घेईल. तिनं ते केलं नाही. दिवाळी झाली, आणि गंगाखेडकडं उसाच्या तोडीला जायची बैलगाडी भरली त्या दिवशी ती चांगला फेटिया घालून बाहेर आली. बा बघतच राहिला. "बया, ह्यो ठिवायचा असतो."

"कशासाठी ठिवू?" ती म्हणाली.

त्या हंगामात तिनं तो रोज घातला. उसाच्या पाचटात, चिखलात, मोळी डोक्यावर घेताना. पाचटाच्या धारेनं दोरे तुटायचे आणि लोंबायचे. काचा पडायच्या, ती वाकून उचलायची नाही. आणि तिनं तो धुतला नाही. जी बाई दुकानदाराच्या शिव्या खाऊन दोरा थुंकीनं पारखायची, तिनं तो पुऱ्या हंगामात एकदाही पाण्यात घातला नाही. घाम, उसाचा रस, बैलाचं शेण, सगळं त्यात मुरलं. एकदा पाचटाच्या कोपीत तिच्याशेजारी झोपताना मी तोंड फिरवलं, तर ती म्हणाली, "येतो का वास?" मी गोधडी डोक्यावरून घेतली. ती म्हणाली, "आता येतो. आता खरंच येतो." तिचा आवाज शांत होता. मला भीती वाटली.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्याच्या चिंध्या झाल्या. मग आमच्या तांड्यात कुणी नेसत नव्हतं ते ती नेसली, नऊवारी लुगडं, बोरीच्या बाजारातलं, साधं. बलियाही काढल्या. बायकांनी नावं ठेवली. तिनं पुन्हा सुई हातात धरली ती गोधडीला ठिगळ लावण्यापुरती. आणि मला हे आज कुणाला सांगायचं नाही, पण लिहायला बसले आहे तर लिहिते: माझ्या वाट्याचंही तिनं त्यात मारून टाकलं. आमच्यात लेकीला याडीच्या हातचा फेटिया देतात. माझ्या लग्नात मी तिला विचारलं, "याडी, माझा?" ती म्हणाली, "साडी नेस. साडीला कुणी काय इचारत न्हाई." माझ्याबरोबरीच्या पोरी मांडवात काचा चमकवत फिरत होत्या आणि मी, तांड्यातल्या सगळ्यात चांगल्या हाताची लेक, दुकानातल्या गुलाबी साडीत बसले होते. बाईंवर माझा राग होताच. त्या दिवसापासून तो याडीवरही होता, आणि दोन्ही राग मी एकदमच पोसले.

मी नर्सचं शिक्षण घेतलं, नोकरी परभणीत केली. बा गेल्यावर याडीला माझ्याकडं आणलं. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती तेव्हा एका डॉक्टरांनी मला एक घर सांगितलं. म्हातारी बाई पडून आहे, रोज इंजेक्शन द्यायला जाल का. गेले. आवाजावरूनच ओळखलं. शरीर वाळून गेलेलं, पण आवाज तसाच गोड. त्यांनी मला ओळखलं नाही. तोंडाला मास्क होता, आणि नसता तरी ओळखलं नसतं. पलंगासमोरच्या भिंतीवर फोटो होता. मीनल, हात वर करून, एका पायावर फिरताना, फेटियाचा घेर पसरलेला. मागं ढोलकीवाल्याजवळ एक पोरगी, चेहरा पुसट, हातांना पांढरं काही गुंडाळलेलं.

मी बघतेय म्हटल्यावर त्या खुलल्या. "माझी मुलगी. तालुक्यात पहिली आली होती."

"ड्रेस छान आहे," मी म्हटलं.

"लमाणांकडून आणला होता कुणाच्या तरी. माझ्या सासूबाईंनी उकळून काढला बाई आधी. काय घाण निघाली होती! पाणी अगदी लाल."

मी सुई भरली, हवा काढली. "तो रंग होता, बाई."

"हो का?" त्या म्हणाल्या. "असेल." आणि विचारलं, "आज कुठल्या हाताला देताय?"

मी इंजेक्शन दिलं. नीट दिलं, दुखू न देता. त्यानंतरही रोज गेले आणि त्यांना बरं वाटेपर्यंत देत राहिले. पहिल्या दिवशी घरी आले तेव्हा याडी गॅलरीत ऊन खात बसली होती. दृष्टी गेल्यात जमा होती. मी तिच्या पायाशी बसले आणि फोटोचं सांगितलं. इतक्या वर्षांत आम्ही दोघींनी त्या गोष्टीचा शब्द काढला नव्हता. ती ऐकत राहिली. बाई मेल्या का जगल्या, त्या काय म्हणाल्या, काहीच विचारलं नाही. मग म्हणाली, "फोटूत रंग दिसतेत का गं?"

"न्हाई याडी. काळा-पांढरा फोटो हाय."

"मंग बरं हाय," ती म्हणाली, आणि तोंड उन्हाकडं फिरवलं.